पेण की रोहा? घर घेताना करावयाचा विचार

सेवानिवृत्तीस दीड-दोन वर्षे उरली की आपल्या समाजातील नोकरदार माणसाला एकच प्रश्न झोप लागू देत नाही. रेल्वेचे, महापालिकेचे वा गोदीचे क्वार्टर सोडल्यावर जायचे कुठे? मुंबईत घर घेणे आवाक्याबाहेरचे. जिते गावी वडिलोपार्जित घर आहे, पण ते चार भावांचे. त्यातील एक खोली वाट्याला येते. मुले शहरात वाढलेली, त्यांना गावी राहवत नाही. मग कुणी म्हणतो पेणला घर बघा, कुणी म्हणतो रोह्याला बघा, तिथे स्वस्त पडते. गेल्या काही वर्षांत असे विचारत आलेल्या कुटुंबांबरोबर आम्ही जित्याची तीन-चार निवृत्त मंडळी दोन्ही शहरांत पुष्कळ हिंडलो. त्यात जे दिसले, जे चुकले आणि जे साधले, ते समाजबांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहोत.

प्रथम आमच्या फजितीविषयी सांगतो. आमच्यापैकी दोघांनी पूर्वी हमरस्त्याच्या कडेला दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट घेण्यासाठी एका दलालाला इसाराची रक्कम दिली होती. पावती साध्या कागदावर. पुढे सातबारा काढून पाहिला तर जमीन भोगवटादार वर्ग २ ची, आणि इतर हक्कात तिसऱ्याच माणसाचे नाव. दलाल दिसेनासा झाला आणि रक्कम बुडाली ती बुडालीच. निवृत्तीचा पैसा आयुष्यात एकदाच येतो, तो दुसऱ्यांदा कमावता येत नाही. म्हणून पुढील सर्व विवेचन त्या ठेचेतून आलेले आहे असे समजावे.

दोन्ही शहरांची ओळख

पेण आणि रोहा ही दोन्ही रायगड जिल्ह्यातील तालुक्याची ठिकाणे. २०११ च्या जनगणनेत पेण नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे ३८ हजार, तर रोहा-अष्टमी नगरपरिषदेची सुमारे २१ हजार होती. म्हणजे दोन्ही लहानच, पण पेण जवळजवळ पावणेदोनपट मोठे.

पेण हे मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. येथील गणेशमूर्तींची ख्याती सर्वदूर आहे. हमरापूर, जोहे या आपल्या शेजारच्या गावांत तर घरोघर कारखाने आहेत आणि आपल्याही काही मुलांना रंगकामाचा रोजगार तेथे मिळतो. पेणचे पापड, पोहे प्रसिद्ध आहेतच. तालुक्यात डोलवी येथे मोठा पोलाद कारखाना आहे.

रोहा हे कुंडलिका नदीकाठचे गाव. शेजारीच धाटाव येथे औद्योगिक वसाहत असून तीत प्रामुख्याने रसायनांचे कारखाने आहेत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे, तेथील महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. कोकण रेल्वे, जी २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गाने सुरू झाली, तिचा आरंभ रोह्यापासून होतो. तेथपर्यंतची गाडी मध्य रेल्वेची.

येणे-जाणे

घराची किंमत सर्वजण विचारतात, पण येण्याजाण्याची किंमत कुणी विचारत नाही. रेल्वेने पनवेल ते पेण सुमारे ३५ किलोमीटर आणि पनवेल ते रोहा सुमारे ७५ किलोमीटर. म्हणजे दोन शहरांत ४० किलोमीटरचा फरक. ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी पनवेल, नवी मुंबईकडे कामाला जाते, त्या घराने पुढील हिशेब करावा. जाऊन-येऊन ८० किलोमीटर जादा. महिन्याला २५ दिवस धरले तर २००० किलोमीटर. गाडीत एका बाजूस पाऊण ते एक तास जास्त जातो, म्हणजे महिन्याला चाळीस-पन्नास तास. एवढ्या तासांत एक नोकरदार मुलगी शिकवणी घेऊ शकते, परीक्षेचा अभ्यास करू शकते किंवा निदान झोप तरी पुरी करू शकते.

या मार्गावर आपले जिते स्थानक आहे, ही गोष्ट विसरू नये. आपटा, जिते, हमरापूर, पेण असा क्रम आहे. पेणला राहणारा माणूस गावच्या मयतीला, लग्नाला, शेतीच्या कामाला तासाभराच्या आत पोहोचतो. रोह्याहूनही येता येते, पण मधे कासू, नागोठणे, निडी ही स्थानके ओलांडावी लागतात. शिवाय या मार्गावर मुंबईच्या लोकलप्रमाणे दर दहा मिनिटांनी गाडी नाही. एक गाडी चुकली की दुसरीसाठी पुष्कळ वेळ थांबावे लागते, मग एसटी किंवा खासगी वाहन गाठावे लागते. रोहा महामार्गावर नाही. कोलाड नाक्यापासून सुमारे १२ किलोमीटर आत जावे लागते. महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटर टप्प्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि ते किती रखडले हे आपण सर्वांनी खड्ड्यांतून अनुभवले आहे. यास्तव नकाशावरचे अंतर पाहून ठरवू नये. कामाच्या दिवशी, ज्या वेळी मुलाला निघावे लागेल त्याच वेळी निघून, एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे.

पाणी, पूर आणि हवा

पाण्याच्या बाबतीत रोह्याची बाजू वरचढ आहे. भिरा येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून वीज निर्माण करून सोडलेले पाणी कुंडलिकेला मिळते, त्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. कोलाडला बारमाही नौकाविहार चालतो तो याच पाण्यावर.

पेणची गोष्ट वेगळी. हेटवणे धरण पेण तालुक्यातच आहे, परंतु त्याचे पुष्कळ पाणी नवी मुंबईकडे जाते. आणि त्याच तालुक्यातील वाशी-वढाव खारेपाटातील भगिनी उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पेण नगरपरिषदेच्या हद्दीत स्थिती त्यामानाने बरी आहे. पण हद्दीबाहेर, खारेपाटाच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या इमारतींत घर घेताना ‘पाणी येते का’ एवढेच विचारू नये. नळजोडणी कोणाची, दिवसाआड की रोज, आणि मे महिन्यात किती मिनिटे, असे विचारावे. उत्तर इमारत बांधणाऱ्याकडून नव्हे, शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या बाईकडून घ्यावे.

पुराचा धोका दोन्हीकडे आहे. रोह्याला कुंडलिका, पेणला भोगावती. पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषेने दाखवितात. आपण घेत असलेली इमारत या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे नगरपरिषदेत विचारता येते. खारेपाटातील भराव टाकलेल्या जमिनीवरची इमारत असेल तर भिंतींच्या बुडाशी ओल आणि खार चढला आहे का, तेही पाहावे.

हवेच्या बाबतीत रोह्यात धाटावच्या बाजूस घर बघताना रात्री एकदा जाऊन उभे राहावे. रसायनांच्या कारखान्यांचा वास वाऱ्याच्या दिशेप्रमाणे येतो-जातो. दुपारी दलाल घर दाखवितो तेव्हा तो येईलच असे नाही. घरात दम्याचा रुग्ण असेल तर ही बाब सर्वांत आधी ठरवावी. पेणलाही महामार्गालगतच्या घरात धूळ आणि ट्रकचा आवाज सोसावा लागतो.

थोडक्यात, घर तीनदा पाहावे: एकदा जुलैच्या मुसळधार पावसात, एकदा मे महिन्यात, आणि एकदा रात्री दहा वाजता.

शाळा, दवाखाना

दोन्ही शहरांत शासनाची उपजिल्हा रुग्णालये आहेत. मोठे दुखणे आले तर मात्र अलिबागचे जिल्हा रुग्णालय किंवा पनवेल, कामोठे गाठावे लागते, आणि तेव्हा ४० किलोमीटरचा फरक जिवावर बेतू शकतो. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वृद्धांसाठी म्हणून पेण सोयीचे. महाविद्यालयीन शिक्षण दोन्हीकडे आहे: पेणला भाऊसाहेब नेने महाविद्यालय, रोह्याला डॉ. चिंतामणराव देशमुख महाविद्यालय. ज्या घरात मुलगी बारावीला आहे त्या घराने पुढील शिक्षण कोणते आणि ते कुठे मिळते, हे घर ठरविण्याआधी ठरवावे.

भावी विकासाच्या गोष्टी

पेणला दर जास्त का, असे विचारले की दलाल लगेच अटल सेतू, विमानतळ आणि ‘तिसरी मुंबई’ यांची नावे घेतो. या गोष्टी खोट्या नाहीत. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. पेण, पनवेल, उरण तालुक्यांतील गावे मिळून नवे नगर वसविण्याचे काम शासनाने एमएमआरडीएकडे सोपविले आहे. पेण तालुका मुंबई महानगर प्रदेशात येतो, रोहा त्याच्या बाहेर आहे.

परंतु आम्हाला महामुंबई सेझची आठवण आहे. त्या प्रकल्पाच्या बातमीने जमिनीचे दलाल गावोगाव फिरू लागले होते. शेतकऱ्यांनी विरोध केला. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत शासनाने जनमत अजमावले. पुढे तो प्रकल्प झालाच नाही. तात्पर्य, राहण्यासाठी घर घेणाऱ्याने आज असलेला रस्ता, आज असलेले पाणी आणि आज थांबणारी गाडी यांचेच पैसे द्यावेत. दहा वर्षांनी होणाऱ्या गोष्टीचे पैसे आज देणे हा धंदेवाल्याचा खेळ आहे. निवृत्त माणसाचा नाही.

पैशाचा हिशेब

रोह्यात तेवढ्याच रकमेत थोडी मोठी जागा मिळते, असा आमचा अनुभव आहे. पण जागेचे माप चटई क्षेत्रानेच करावे. ‘सुपर बिल्टअप’ ६०० चौरस फूट म्हणून सांगितलेल्या घरात जिना, भिंती, गच्चीचा वाटा धरलेला असतो. टेप घेऊन जावे व खोल्या स्वतः मोजाव्यात.

कर्जाचे एक उदाहरण देतो. १५ लाख रुपये कर्ज, व्याज ८.५ टक्के धरले. १५ वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे १४,७७० रुपये पडतो व एकूण व्याज सुमारे ११ लाख ५९ हजार होते. मुदत २० वर्षांची केली तर हप्ता सुमारे १३,०२० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये कमी. पण एकूण व्याज सुमारे १६ लाख २४ हजार होते. हप्ता हलका करण्यासाठी आपण साडेचार लाखांहून अधिक रक्कम जास्त मोजतो. हप्ता पेलत असेल तर कमी मुदतीच बरी.

मात्र सगळी ग्रॅच्युइटी आणि फंड भिंतीत घालू नये. तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे: एक भाग स्वतःच्या उपभोगासाठी, दोन भाग उद्योगात, आणि एक भाग संकटकाळासाठी राखून. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या सेवानिवृत्ताला तंतोतंत लागू पडतो. निदान चौथा भाग घरापासून दूर ठेवावा. तोही एकाच ठिकाणी ठेवू नये. २०१० साली रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध आणले तेव्हा हजारो ठेवीदारांचे कष्टाचे पैसे अडकून पडले, ते दुःख या तालुक्याने सोसले आहे. ठेवीवरील विम्याची मर्यादा त्या वेळी एक लाख होती. फेब्रुवारी २०२० पासून ती एका बँकेत एका ठेवीदारास पाच लाख झाली आहे. ती रेषा लक्षात ठेवून ठेवी वाटून ठेवाव्यात.

घर पत्नीच्या नावे घेतल्यास राज्यात एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सवलतीचे सोडा, पण जिने चाळीस वर्षे क्वार्टरच्या दहा फुटांत संसार केला तिच्या नावाची पाटी दारावर लागणे हेच योग्य, असे आमचे मत आहे.

कागदपत्रे

१. नवीन इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा अधिक सदनिका असतील तर ही नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

२. जुने घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीची नोंदणी आणि जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे की नाही, हे पाहावे. नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात आहे, पण तो खर्च व खेपा आपल्या वाट्याला येतील हे धरून किंमत ठरवावी.

३. जमिनीचा सातबारा, फेरफार आणि तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. बिल्डरने सुचविलेला वकील नको.

४. प्लॉट घेत असाल तर तुकडेबंदी कायदा, बिगरशेती परवानगी आणि भोगवटादार वर्ग या तीन गोष्टी विचाराव्यात. तुकडेबंदीचे नियम अलीकडे बदलले आहेत, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नये. आदिवासी बांधवाची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि घेऊही नये.

५. गावची वतनाची जमीन विकून शहरात घर घेण्याचा विचार असेल तर सावध. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने नष्ट झाली व जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. त्या विकण्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व नजराणा लागतो. परवानगीशिवाय झालेला व्यवहार पुढे अंगलट येतो. आणि ती जमीन आपल्या आज्या-पणज्याच्या वेठीचा एकमेव मोबदला आहे, हेही विकण्यापूर्वी एकदा आठवावे.

आडनावाचा प्रश्न

ही गोष्ट लिहावी की नाही असा विचार आम्ही केला. पण लिहिणेच इष्ट. एका इमारतीत आम्ही एका बंधूंसाठी सदनिका पाहिली. भाव ठरला. मग मालकाने विचारले, “आडनाव काय? गावात घर कुठल्या बाजूला?” दुसऱ्या दिवशी फोन आला की घर दुसऱ्याला दिले. महिनाभराने तेच घर पुन्हा विकायला असल्याची पाटी आम्ही पाहिली. ते बंधू पस्तीस वर्षे सरकारी नोकरीत होते. त्या दिवशी परत येताना गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत.

अशा वेळी काय करावे? नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास मज्जाव करणे हा गुन्हा आहे. सहकारी संस्थेलाही पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, आणि अर्जावर तीन महिन्यांत निर्णय न दिल्यास अर्जदार सदस्य झाला असे मानले जाते. म्हणून बोलणी शक्यतो लेखी करावीत, सोबत एक साक्षीदार न्यावा, सदस्यत्वाच्या अर्जाची पोच घ्यावी. आणि एका माणसाच्या वागण्यावरून सबंध शहराला नावे ठेवू नयेत. त्याच शहरात दोन गल्ल्या पलीकडे दुसऱ्या मालकाने त्याच बंधूंना चहा पाजून, घासाघीस न करता घर दिले. आज ते तेथेच राहतात.

मग निर्णय काय?

आमच्यासमोर तीन कुटुंबे आली, तिघांना आम्ही तीन निराळे सल्ले दिले. पहिल्या घरातील मुलगी पनवेलला नोकरीस आणि आई डायलिसिसवर. त्यांनी पेणला लहान, पण स्थानकाजवळचे जुने घर घेतले. दुसऱ्या घरातील मुलगा धाटावच्या कारखान्यात कायम नोकरीला. त्यांनी रोह्याला, नदीपासून उंचावर आणि कारखान्यांपासून दूर, दोन खोल्या जास्त असलेले घर घेतले. तिसऱ्या घरातील मुलाची नोकरी कंत्राटी, उद्या कुठे असेल याची शाश्वती नाही. त्यांना आम्ही सांगितले, दोन वर्षे पेणला भाड्याने राहा, पैसा ठेवीत ठेवा, आणि जित्याच्या घराचे छप्पर दुरुस्त करून घ्या. प्रथम ते नाराज झाले. दीड वर्षाने मुलाची कंपनी बंद झाली, तेव्हा डोक्यावर हप्ता नव्हता.

म्हणून पेण चांगले की रोहा, असा प्रश्न विचारूच नये. घरातील कमावता माणूस रोज कोणत्या दिशेला जातो, घरातील आजारी माणसाला कोणता दवाखाना लागतो, आणि हप्ता थकला तर किती महिने तग धरता येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. बहुतेक वेळा शहराचे नाव त्या कागदावर आपोआप उमटते. ज्यांना सोबत हवी असेल त्यांनी रविवारी सकाळी विहारात यावे. आमच्यापैकी कोणी ना कोणी तेथे असतो. सातबारा वाचता येतो, टेपही जवळ आहे, आणि जुलैच्या पावसात घर बघायला यायची आमची तयारी आहे.